तहान लागण्याआधीची विहीर

दुभंगलेल्या समाजाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "अहो, पण नुसतं बोलून काय होणार? समोरचा हातात दगड घेऊन उभा असताना त्याच्याशी गप्पा मारायच्या का?"

प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा काहीतरी पाहिलेलं असतं, सोसलेलं असतं. म्हणून त्याला आधी सरळ उत्तर द्यायला हवं. हातात दगड असलेल्या माणसाशी त्या क्षणी बोलता येत नाही, तिथे पोलीसच लागतात. बोलण्याचं काम त्याच्या कितीतरी महिने आधी करावं लागतं आणि तेव्हा विषय दगडाचा नसतो, तुंबलेल्या गटाराचा असतो. वाचायला हे विचित्र वाटेल. पण आपल्याच ठाणे जिल्ह्यात हे घडून गेलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

१. दोनदा जळलेलं शहर

भिवंडी हे यंत्रमागांचं शहर. चालत्या मागाशेजारी उभं राहिलं की जवळच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कामगार खुणांनीच बरंचसं भागवतात. उभे धागे म्हणजे ताणा. त्यांच्यामधून आडवा धागा, म्हणजे बाणा घेऊन धोटा इकडून तिकडे धावत असतो. ताण्यातला एखादा धागा तुटला तर माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा. कंटाळा करून तसंच चालू ठेवलं तर तो दोष रेघेसारखा कापडावर पुढे पुढे धावत राहतो.

या धंद्यात सूत देणारा व्यापारी एका समाजाचा, मागाचा मालक दुसऱ्या समाजाचा आणि मागावर उभा असलेला कामगार दूरच्या प्रांतातून आलेला, असं चित्र नेहमीचंच. एकमेकांशिवाय कुणाचंच चालत नाही. तरीही हे शहर दोनदा जळलं. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव-महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मग १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा. त्या वेळी भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसं मेली.

आता १९९२ कडे या. ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत हिंसाचार झाला. त्याची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेले मृत्यू ९०० आहेत: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ ओळख न पटलेले आणि ५ इतर. एवढी मोठी मुंबई होरपळत असताना तास-दीड तासाच्या अंतरावरची भिवंडी, जिच्याविषयी सगळ्यांना धास्ती होती ती भिवंडी, शांत राहिली.

का? माणसं तीच होती, वस्त्याही तशाच दाटीवाटीच्या होत्या. जुन्या जखमा तर मुंबईपेक्षा जास्त ताज्या होत्या. बदललेली गोष्ट एकच होती. ती समजून घेऊ.

२. शांतता समिती आणि मोहल्ला समिती

शांतता समिती आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावात असते. सण जवळ आला की पोलीस ठाण्यातून बोलावणं जातं. नगरसेवक येतात, कारखानदार येतात, वकील, मौलवी आणि मंडळाचे अध्यक्ष येतात. पहिल्या रांगेत कोण बसणार हे ठरलेलं असतं. "आमच्या समाजाकडून पूर्ण सहकार्य राहील," असं प्रत्येक जण सांगतो. चहा होतो, फोटो निघतो, आणि पुढची बैठक पुढच्या सणाला. त्या खोलीत बसलेल्यांपैकी कुणीही दगड मारणार नसतो आणि कुणाच्या घरावर दगड पडणारही नसतो. तहान लागल्यावर विहीर खणायला घ्यावी, तसा हा प्रकार.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी ही रचना उलटी केली. शहराचे लहान लहान भाग पाडून सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकेका समितीत ५० च्या आसपास माणसं, हिंदू आणि मुस्लिम बरोबरीच्या संख्येने. त्यात बड्या लोकांऐवजी त्या गल्लीत राहणारी, तिथल्याच नळावर पाणी भरणारी साधी माणसं घेतली. समिती चालवण्याची जबाबदारीही साहेबांकडे न ठेवता त्या भागात रोज फिरणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यांवर टाकली. बैठका सणावारापुरत्या नव्हत्या, वरचेवर होत.

या बैठकांत बोलायचे ते रोजचे विषय. दिवाबत्ती, पाणी, गटार, पोरांची भांडणं, नवराबायकोचे तंटे. धर्माच्या थोरवीवर भाषणं नाहीत आणि भाईचाऱ्याच्या आणाभाकाही नाहीत. मला या योजनेचं सगळ्यात शहाणं अंग हेच वाटतं. गटार तुंबलं की घाण पाणी कुणाच्याही उंबऱ्याशी येतं. त्यासाठी पालिकेत एकत्र खेटे घालणाऱ्या दोन माणसांना एकमेकांच्या धर्माविषयी मत बदलावं लागत नाही. समोरचा शब्द पाळतो की नाही, एवढं मात्र त्यांना कळून चुकतं.

वाणी उधार कुणाला देतो? महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या, वहीत नाव असलेल्या गिऱ्हाइकाला. अनोळखी माणूस अडचणीत सापडून अचानक दारात आला तर त्याची अडचण खरी असली तरी वाण्याचा हात आखडतो. विश्वासाचंही असंच आहे. १९८८ ते १९९२ या चार वर्षांत भिवंडीच्या गल्ल्यांत ही वही भरत गेली. खोपडे यांच्यानंतर आलेले उपायुक्त गुलाबराव पोळ यांनी ती बंद पडू दिली नाही. डिसेंबर १९९२ मध्ये उधार मागायची वेळ आली, तेव्हा दोन्ही बाजूंची नावं वहीत होती.

३. अफवेचं गणित

समितीने प्रत्यक्षात काय अडवलं, हे कळण्यासाठी आधी अफवा कशी चालते ते पाहू. गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल असं आहे.

समजा, एकाने एक खोटी बातमी तिघांना सांगितली. त्या तिघांनी प्रत्येकी आणखी तिघांना सांगितली. दुसऱ्या फेरीत ९, तिसरीत २७, चौथीत ८१ आणि पाचव्या फेरीत २४३ माणसांच्या कानावर ती गेली. आता प्रत्येक तिघांतला एक जण थांबून खातरजमा करतो आणि ती पुढे पाठवत नाही, असं धरा. मग आकडे होतात ३, ६, १२, २४, ४८. म्हणजे २४३ च्या जागी ४८. आणि तिघांतले दोघं थांबले तर पाचव्या फेरीतही अफवा तिघांच्याच कानावर जाते. सगळ्या गावाला शहाणं करायची गरज नाही, तिघांमागे एक-दोन माणसं पुरतात. मात्र त्या माणसांना खातरजमा करायला जागा हवी. पलीकडच्या वस्तीत विचारता येईल असं कुणीतरी हवं.

आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट सांगतो. दुपारी साडेबाराला ग्रुपवर संदेश आला: पलीकडच्या मोहल्ल्यात जमाव जमलाय, मुलांना शाळेतून लवकर आणा. दहा मिनिटांत तो चार जणांनी पुढे पाठवला. एकाने जिन्याचा दरवाजा लावून घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा ब्लाउज शिवणारा शिंपी त्याच मोहल्ल्यात बसतो. त्यांच्या फोनमध्ये त्याचं नाव 'ब्लाउज मास्टर' असं होतं. त्यांनी सरळ त्याला फोन लावला. "मास्टर, तिकडे काय झालंय?" तो म्हणाला, "ताई, पाइप फुटलाय. रस्ताभर पाणी. लोक बादल्या घेऊन उभे आहेत." मागे बादल्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज वहिनींना स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी ग्रुपवर तेवढंच लिहिलं: पाइप फुटलाय, मी आत्ता बोलले.

त्या दुपारी आमच्या इमारतीतल्या चाळीसेक घरांत पलीकडे फोन करू शकणारं एकच घर होतं. या गोष्टीची मला अजून काळजी वाटते. वहिनींनी त्या वर्षी ब्लाउज दुसरीकडे टाकला असता तर?

४. रोजची गाठभेट पुरेशी का नाही?

इथे एक शंका येईल. आपली माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना भेटत आली आहेत. खेड्यात बलुतेदारी होती. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, सगळ्यांचा पाटलाच्या वाड्याशी रोजचा संबंध. मग मनं का जुळली नाहीत?

कारण पायऱ्या ठरलेल्या होत्या. कोण ओट्यावर बसणार, कोण अंगणात उभा राहणार आणि कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जाणार, हे जन्माआधीच ठरलेलं होतं. अशी भेट हजार वेळा झाली तरी प्रत्येक भेटीत ती पायरीच पक्की होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्यांनी मागणी केली ती बरोबरीने पाणी घेण्याच्या हक्काची. बरोबरी नसेल तर संवाद म्हणजे एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने 'होय जी' म्हणायचं.

१९५४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहांवर मोठा ग्रंथ लिहिला. दोन गटांच्या भेटीतून कडवटपणा कमी व्हायचा तर चार गोष्टी असाव्यात, असं त्याने मांडलं: त्या भेटीपुरता तरी दोघांचा दर्जा सारखा, दोघांना हवं असलेलं एकच उद्दिष्ट, ते गाठण्यासाठी एकमेकांची मदत, आणि कायद्याचा किंवा वरिष्ठांचा पाठिंबा. भिवंडीच्या समितीशी ताडून पाहा. सारखी संख्या, एकच गटार, एकत्र खेटे, पाठीशी पोलीस. चारही आहेत. बलुतेदारीत पहिलीच नव्हती.

त्याच वर्षी ओक्लाहोमात मुझफर शेरीफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांना दोन गटांत विभागून शिबिरात ठेवलं. स्पर्धा लावताच झेंडे जाळण्यापर्यंत वैर गेलं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर जेवणच एकमेकांवर फेकलं गेलं. पुढे शिबिराचं पाणी बंद पडलं, खरं तर पाडलं गेलं, आणि बिघाड शोधायला दोन्ही गटांना मिळून जावं लागलं. अशी दोन-चार कामं झाल्यावर वैर ओसरलं. आज असा प्रयोग मुलांवर करू देणार नाहीत आणि करूही नये. पण एकत्र जेवणावळ घालून एकोपा होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते फेकलेलं जेवण लक्षात ठेवावं.

५. अलीगढ आणि कालिकत

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या बातम्या गोळा केल्या. दंगलींतले जवळपास निम्मे मृत्यू अवघ्या आठ शहरांत झालेले निघाले. खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी. म्हणजे ही आग सगळ्या देशात सारखी पसरलेली नव्हती, ठरावीक जागीच पुन्हा पुन्हा लागत होती.

मग त्यांनी शहरांच्या जोड्या लावल्या. त्यातली एक जोडी अलीगढ आणि केरळातलं कालिकत, म्हणजे कोळिकोड. दोन्हीकडे मुस्लिमांचं प्रमाण ३६ ते ३८ टक्के. अलीगढ वारंवार पेटणारं, कालिकत शांत. लोकांना विचारलं, दुसऱ्या समाजातल्यांबरोबर तुमचं जेवणखाण होतं का? कालिकतमध्ये सुमारे ८३ टक्के 'हो' म्हणाले, अलीगढमध्ये ५४ टक्के. मुलं एकमेकांत खेळतात का? कालिकतमध्ये ९० टक्के घरांत, अलीगढमध्ये ४२ टक्के. पण वार्ष्णेय यांनी यापेक्षाही जास्त भर दिला तो संघटनांवर. कालिकतच्या व्यापारी मंडळांत, कामगार संघटनांत, वाचनालयांत दोन्ही समाज एकाच सभासद-यादीत होते. शेजारधर्म खेड्याला पुरतो. लाखोंच्या शहरात सगळे सगळ्यांना ओळखणं शक्यच नसतं, तिथे नोंदणी, कार्यालय आणि सभासद असलेली मंडळं लागतात.

अलीगढमध्येही मोहल्ला समित्या निघाल्या होत्या, हे विसरू नये. पण त्या एकाच धर्माच्या लोकांच्या, आपापली वस्ती राखण्यासाठी रात्रीचा पहारा देणाऱ्या होत्या. त्यांनी भीती वाढवली. डिसेंबर १९९० मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात रुग्णांना ठार मारल्याची खोटी बातमी छापून आली, तेव्हा 'थांबा, विचारून येतो' म्हणणारं या समित्यांत कोण असणार? सगळे एकाच बाजूचे. समिती मिश्र आहे की नाही, हा प्रश्न म्हणून कळीचा ठरतो.

आणि कालिकतची माती काही जन्मतः गोड नव्हती. १९२१ चा मोपला उठाव आणि त्यातला रक्तपात याच मलबारातला.

६. एका संघातून खेळणं

मुंबईच्या दंगलीनंतर सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी शहरात मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. तिने वस्त्यांमध्ये क्रिकेटचे सामने भरवले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी समित्यांचं काम वर्षानुवर्षं चालवलं. त्यांच्या मैत्रीवर २००३ मध्ये 'नाता' हा माहितीपट निघाला.

क्रिकेटने खरंच काही होतं का? मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे सामने भरवून हे तपासलं. जे एकाच संघातून खेळले त्यांच्यात जातीपलीकडच्या मैत्री वाढल्या. जे नुसते समोरासमोर खेळले त्यांच्यात तसा गुण आला नाही. त्यामुळे हिंदूंचा संघ विरुद्ध मुस्लिमांचा संघ, किंवा ही आळी विरुद्ध ती आळी, असा 'सद्भावना सामना' भरवणाऱ्यांनी आधी संघ मिसळून घ्यावेत.

इराकमध्ये सलमा मूसा यांनी आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. सहा महिन्यांनीही ही मुलं मुस्लिमांबरोबर सराव करत होती. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांविषयीची त्यांची वागणूक मात्र फारशी बदलली नाही. हा निष्कर्ष मनाला लागतो, पण उपयोगाचा आहे. ओळख झालेल्या माणसापुरता विश्वास वाढतो, तो आपोआप सगळ्या समाजाला लागू होत नाही. म्हणून गल्लीगल्लीत वेगळी समिती लागते. शहराला एक पुरत नाही.

७. गाळ

जुलै २००६ मध्ये भिवंडीत कब्रस्तानाजवळ पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. ज्या शहरात पोलीस आणि रहिवासी एका सतरंजीवर बसत होते, तिथेच हे झालं. विहीर एकदा खणून भागत नाही, उन्हाळ्याच्या उन्हाळ्याला गाळ उपसावा लागतो. एखाद्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर चाललेलं काम बदलीच्या कागदाबरोबर ढिलं पडू शकतं, आणि ही या पद्धतीची खरी उणीव आहे.

दुसरी गोष्ट न्यायाची. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला, पण त्यात ज्यांच्यावर ठपका होता त्यांतल्या फार थोड्यांना शिक्षा झाली. ज्या बाईचा मुलगा परत आलाच नाही, तिला 'आता विसरा, एकत्र बसू' असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. तिला बैठकीला बोलवायचं असेल तर तिच्या खटल्याची तारीख काय झाली, हे विचारायची तयारी ठेवूनच बोलवावं.

८. पहिली बैठक

देवळात नको, मशिदीत नको, कुणाच्या घरीही नको. शाळेचा वर्ग उत्तम. बाकं सगळ्यांना सारखीच असतात. वेळ अशी ठेवा की कारखान्यातली पाळी सुटलेली असेल आणि बायकांनाही येता येईल. विषय एकच, आणि दोन महिन्यांत सुटण्यासारखा.

मतभेदाचा विषय निघणारच. तेव्हा एक साधा नियम लावून पाहा: उत्तर देण्याआधी समोरच्याची तक्रार आपल्या शब्दांत सांगायची आणि त्याने 'हो, हेच' म्हटल्यावरच पुढे बोलायचं. समजा, एक बाई म्हणाल्या, "तुमच्या डीजेने माझे सासरे रात्रभर तळमळत होते." मंडळाचा पोरगा लगेच 'वर्षातून एकदाच तर असतं' म्हणणार, तेवढ्यात त्याला थांबवा. तो म्हणू दे, "म्हणजे काकू, आजारी माणसाला आवाजाचा त्रास झाला. मिरवणुकीला तुमची हरकत नाही, असंच ना?" काकू म्हणतील, "हो, हेच. मिरवणूक काढा की, पण आमच्या वळणावर आवाज बंद ठेवा." मिरवणूक हवी की नको, हा वाद होता. तो आता कुठल्या वळणावर आवाज बंद ठेवायचा, यावर आला. एवढ्याने भांडण मिटलं असं नाही, पण ते सुटण्याजोगं झालं.

उठण्याआधी पुढची तारीख फळ्यावर लिहा, सणाच्या आठवड्यातली सोडून. आणि शेजारी बसलेल्या माणसाचा नंबर घ्या. 'ब्लाउज मास्टर', 'दूधवाला' किंवा 'डीजेवाला' असं न लिहिता, त्याचं पूर्ण नाव विचारून ते फोनमध्ये साठवा.